ऐकणारीने सांगायला घेतलं तेव्हा

1996 साली डब्लिनच्या 'न्यू आयलंड' या छोट्या प्रकाशन संस्थेने नूला ओफेलॉनच्या वर्तमानपत्रातल्या सदरलेखांचा संग्रह काढायचं ठरवलं. तिने फक्त एक प्रस्तावना लिहून द्यायची होती. बाई कुठली, कुठे शिकली, तिच्या मतांच्या मागे कसलं आयुष्य आहे, एवढं चार-सहा पानांत आलं असतं तरी भागलं असतं. नूला लिहायला बसली आणि प्रस्तावना आटपेना. वाढत वाढत ती दोनशे पानांच्या घरात गेली आणि ज्या लेखांसाठी ती लिहायची होती ते लेख पुस्तकाच्या मागच्या अंगाला सरकले. 'आर यू समबडी?' हे ते पुस्तक. टीव्हीवर कधीतरी पाहिलेला चेहरा नीट न ओळखल्यामुळे कुणीतरी तिला 'तुम्ही कुणी मोठ्या आहात का?' असं विचारलं होतं, त्यावरून हे नाव आलं. डब्लिनमधल्या एका बाईच्या अपघाताने लिहून झालेल्या आठवणी, असं अमेरिकन आवृत्तीच्या उपशीर्षकात म्हटलं आहे.

हे पुस्तक आयर्लंडच्या सामाजिक इतिहासातला मैलाचा दगड म्हणून नेहमी सांगितलं जातं, आणि ते खरंच आहे. पण साहित्यकृती म्हणून त्याच्याकडे पुरेसं पाहिलं गेलेलं नाही असं मला वाटतं. त्यात एक आवाज आहे, आणि तो आवाज घडायला तीस वर्षं लागली आहेत. नूला आधी प्राध्यापक होती, मग दूरचित्रवाणीची निर्माती, मग सदरलेखिका, आणि पन्नाशी उलटल्यावर पुस्तकाची लेखिका. पुस्तकातल्या प्रत्येक वाक्यात या सगळ्या कामांचा हात लागलेला दिसतो. विशेषतः त्यातलं ते दुसऱ्याला बोलतं करण्याचं काम.

तिचा जन्म 1 मार्च 1940चा. नऊ भावंडांतली ती दुसरी. वडील टोमास ओफेलॉन, पण डब्लिन त्यांना ओळखायचं ते टेरी ओसलिव्हन या नावाने. 'इव्हनिंग प्रेस' या सायंदैनिकात ते 'डब्लिनर्स डायरी' नावाचं सदर लिहायचे. शहरात कुठे स्वागतसमारंभ झाला, कुठल्या नाटकाचा पहिला प्रयोग लागला, कुठल्या मेजवानीला कोण आलं होतं, हे सगळं त्यात यायचं. रोज संध्याकाळी उंची पोशाख करून, गाडीतून, शहरातल्या झगमगाटात जाणारा हा देखणा माणूस. घरी मात्र पैशाची ओढाताण, एकामागून एक मुलं, आणि एक बायको जी खुर्चीत बसून कादंबऱ्या वाचायची आणि प्यायची. वडिलांचं बाहेर दुसरं नातंही होतं.

ही आई, कॅथरिन, या पुस्तकाचा गाभा आहे. मराठी वाचकाच्या मनात आईच्या व्यक्तिचित्राचा एक साचा ठरलेला असतो: कष्ट, त्याग, आणि शेवटी डोळ्यांत पाणी. या साच्यात न बसणारी आई कशी लिहायची, हा नूलापुढचा खरा पेच होता. कॅथरिन मुलांकडे लक्ष देत नाही. स्वयंपाक तिला जमत नाही आणि जमवावासाही वाटत नाही. तिला दोनच गोष्टी हव्यात, नवरा आणि पुस्तक. त्यातला नवरा संध्याकाळी निघून जातो, म्हणून मग तिसरी गोष्ट येते, पेला. संध्याकाळ झाली की ती पबमध्ये जाऊन बसते, हातात पुस्तक असतंच. ती वाचते ती काही मिळवायला नाही, तर आजूबाजूचं ऐकू येऊ नये म्हणून.

इतकं कठोर चित्र काढून नूला त्यावर निकाल देत नाही. दुसऱ्या कुणी लेखकाने इथे आईला माफ तरी केलं असतं, नाहीतर तिच्या दुर्दैवाचं खापर धर्मसत्तेवर फोडलं असतं. नूला यातलं काहीच करत नाही. ती फक्त पुनःपुन्हा त्या खुर्चीपाशी येते. कधी लहान मुलगी म्हणून, कधी परीक्षेत चमकलेली विद्यार्थिनी म्हणून, कधी चाळिशीतली बाई म्हणून, जिच्या स्वतःच्या हातात आता पुस्तक आणि वाइनचा पेला आहे. दर खेपेला त्या खुर्चीत तिला वेगळं काहीतरी दिसतं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला वाचकाच्या ध्यानात येतं की ही मुलगी आईचं वर्णन करत नसून स्वतःचं भविष्य तपासून पाहते आहे. आपल्या काव्यशास्त्रात ज्याला ध्वनी म्हणतात तो असा असतो. बोललेलं आईविषयी असतं, ऐकू येते ती मुलीची भीती.

आणि आईकडून आलेलं वाचनाचं वेडच नूलाला त्या घराबाहेर काढतं. चौदा वर्षांची असताना, मुलांबरोबर नाचायला जाते म्हणून डब्लिनच्या कॉन्व्हेंटमधून तिला काढलं आणि मोनाहनच्या सेंट लुई शाळेत वसतिगृहात ठेवलं. घराबाहेर पडल्यामुळे तिचं शिक्षण झालं. पुढे युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिन, हल विद्यापीठात मध्ययुगीन इंग्रजी साहित्य, मग ऑक्सफर्ड. याच वर्षांत डब्लिनच्या लेखक-कवींच्या गुत्त्यांमध्ये तिचं जाणंयेणं सुरू झालं. त्या काळातली तिची वर्णनं मजेदार आहेत, पण त्या मजेच्या खाली एक बारीक कळ आहे. टेबलाभोवती पुरुष कविता बोलतात, तरुण मुली ऐकतात, आणि त्यातल्या कुणाला स्वतःचं काही म्हणायचं असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. ऐकण्याचं तिचं शिक्षण तिथेच सुरू झालं म्हणायचं.

व्यवसायाच्या वर्षांवरून बहुतेक चरित्रलेख भराभर पुढे सरकतात, पण माझ्या मते तिच्या गद्याची किल्ली इथेच आहे. लंडनच्या मॉर्ली कॉलेजमध्ये तिने शिकवलं. दिवसभर नोकरी करून आलेली प्रौढ माणसं तिथे शिकायला यायची. त्यानंतर बीबीसीमध्ये तिने ओपन युनिव्हर्सिटीसाठी कार्यक्रम केले. या मुक्त विद्यापीठाचे पहिले विद्यार्थी 1971 साली दाखल झाले. पाठ टीव्ही-रेडिओवरून दिले जायचे, तेही इतर कार्यक्रमांच्या मधल्या आडवेळी. कॅमेऱ्यासमोर जो शिकवतो त्याला विद्यार्थी दिसत नाही. पहाटे उठून चहाचा कप घेऊन बसलेली कुणी गृहिणी, रात्रपाळी करून आलेला कुणी कामगार, असा एकच माणूस समोर कल्पावा लागतो. शेकडो डोक्यांच्या सभागृहात जो सूर चालतो तो इथे चालत नाही. नूलाचं गद्य वाचताना सतत वाटतं की ती एकाच माणसाशी बोलते आहे, आणि ते माणूस थकलेलं आहे हे तिला ठाऊक आहे. हा सूर तिने त्या वर्षांत कमावला.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ती आयर्लंडला परतली आणि आरटीई या राष्ट्रीय प्रसारण संस्थेत निर्माती झाली. तेव्हाचा आयर्लंड कसा होता हे जाणल्याशिवाय तिच्या कामाचं मोल कळत नाही. लग्न झालं की सरकारी नोकरीतल्या बाईने राजीनामा द्यायचा, हा नियम 1973 पर्यंत होता. संततिनियमनाची साधनं कायदेशीर झाली ती 1979च्या कायद्याने, तीही डॉक्टरच्या चिठ्ठीवर. घटस्फोटाला परवानगी मिळाली ती 1995च्या सार्वमताने, आणि तीसुद्धा 9 हजारांच्या आसपास मतांच्या फरकाने. बाईचं आयुष्य ही चारचौघांत बोलायची गोष्ट नव्हती. 1984च्या जानेवारीत ग्रॅनार्ड या गावात 15 वर्षांची एक शाळकरी मुलगी मेरीमातेच्या गुंफेपाशी एकटीच बाळंत झाली. मूलही गेलं, तीही गेली. त्यानंतर गे बर्न या निवेदकाकडे देशभरातून पत्रं आली. बायकांनी चाळीस-चाळीस वर्षं पोटात ठेवलेल्या गोष्टी लिहून पाठवल्या होत्या. बर्नने ती पत्रं रेडिओवर वाचून दाखवली. दिवाणखान्यात जे बोलता येत नव्हतं ते त्या देशात रेडिओवर बोललं जाऊ लागलं होतं.

याच सुमाराला नूलाने 'प्लेन टेल्स' ही मालिका केली. साध्या, बहुतेक वयस्कर बायका कॅमेऱ्यासमोर बसून आपलं आयुष्य सांगतात. कुणी पुढारी नाही, नटी नाही, लेखिका नाही. निवेदन कमीत कमी, तज्ज्ञांची मतं नाहीत, बाई आणि तिचं बोलणं एवढंच. 1985 साली या मालिकेला प्रसारणासाठीचं जेकब्स पारितोषिक मिळालं. समोरच्या बाईला मध्येच तोडायचं नाही, ती गप्प झाली तर गप्प राहू द्यायचं, ती विषय सोडून भरकटली तर तिच्या मागोमाग जायचं, ही मालिका अशा शिस्तीवर उभी होती. मुलाखत घेणाऱ्याची अर्धी विद्या गप्प बसण्यात असते. दहा वर्षांनी जेव्हा सांगायची पाळी नूलाची स्वतःची आली, तेव्हा तिने हीच शिस्त स्वतःला लावली. 'आर यू समबडी?' मध्ये ती भरकटते, अडते, एखाद्या आठवणीवरून उडी मारून वीस वर्षं पुढे जाते, मग माघारी येते. रचनेचा ढिसाळपणा म्हणून काही समीक्षकांनी यावर बोट ठेवलं असेल, मला तो या पुस्तकाचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. बोलणारी बाई जशी सांगते तसं ते आहे, आणि संपादकाची कात्री मुद्दाम बाजूला ठेवलेली आहे.

या पद्धतीचा एक बारकावा पाहण्याजोगा आहे. पुस्तकाच्या सुरुवातीलाच ती म्हणते की मी एक सर्वसाधारण आयरिश बाई, कुणीही नसलेली, कुणीही नसलेल्यांच्या वंशातली, जिची कुठे नोंद नाही. वाचक मान डोलावतो. आणि मग लगेच ती ते विधान स्वतःच ढिलं करते, सर्वसाधारण असं कुणी नसतंच असं म्हणून. हे वळण पुस्तकभर पुनःपुन्हा येतं. आधी एक ठाम विधान, मग त्याच्याच पोटात शिरून त्याला दिलेला धक्का. सदरलेखिका म्हणून 'आयरिश टाइम्स'मध्ये तिने ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून नाव कमावलं होतं. सदरात ठाम मत द्यावं लागतं, ते तिला उत्तम यायचं. पुस्तकात सदरलेखिका आधी बोलते आणि तिच्या मागून 'प्लेन टेल्स'मधली बाई बोलते. या दोघींच्या संवादातून ते गद्य तयार होतं. नुसती पहिली असती तर प्रबंध झाला असता, नुसती दुसरी असती तर हुंदका.

पुरुषांविषयी ती लिहिते तेव्हाही हेच. प्रेमाच्या, शरीराच्या गोष्टी ती लपवत नाही, पण त्यांची फुशारकीही मारत नाही. कितीतरी नात्यांत आपण केवळ कुणीतरी आपल्याला हवंसं म्हणावं म्हणून गेलो, हे ती इतक्या साध्या स्वरात सांगते की वाचणाऱ्याला ते धाडस वाटतच नाही, माहिती वाटते. ऐकणाऱ्याला लाज वाटू न देता लाजिरवाणं सांगणं ही मोठी अवघड कला आहे. आपल्याकडे मोकळेपणाच्या नावाखाली पुष्कळदा वाचकालाच कोंडीत पकडलं जातं. नूला तसं करत नाही.

एका ठिकाणी मात्र हे पुस्तक मला अपुरं वाटतं, आणि ते सांगायलाच हवं. पत्रकार आणि स्त्रीवादी कार्यकर्ती नेल मॅकॅफर्टी हिच्याबरोबर नूला जवळजवळ पंधरा वर्षं राहिली. दोघींचं ते नातं तिच्या आयुष्यातलं सगळ्यात लांबलचक आणि सगळ्यात भरीव नातं होतं. ते तिने झाकलं नाही, आणि ज्या देशात पुरुषांमधले समलैंगिक संबंध 1993 पर्यंत गुन्हा होते तिथे हे कमी नाही. पण आईविषयी पानंच्या पानं भरून लिहिणारा हात इथे आखडतो. नेल घरात आहे, प्रवासात आहे, भांडणात आहे, तरी तिच्या वाट्याला ती खुर्ची येत नाही, जिच्याकडे लेखिका पुनःपुन्हा परत येईल. नेलला हे लागलं. पुढे तिने स्वतःच्या आठवणी 'नेल' या नावाने लिहिल्या, आणि दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली की पहिल्यातली उणीव जास्तच जाणवते. कदाचित ज्याच्यापासून आपण नुकतेच सुटलो आहोत त्याच्याविषयी लिहायला आईइतकं अंतर लागतं, आणि तेवढं अंतर अजून पडलेलं नव्हतं.

पुस्तक बाहेर आलं तेव्हा त्याचा फारसा गवगवा नव्हता. मग गे बर्नच्या 'द लेट लेट शो'मध्ये नूलाला बोलावलं गेलं. 1962 पासून दर आठवड्याला आख्खा देश ज्या कार्यक्रमासमोर बसायचा तो हा कार्यक्रम. बर्नने आढेवेढे न घेता तिच्या प्रेमसंबंधांविषयीच विचारलं. तिने उत्तरं दिली. आवाज चढवला नाही, नजर चुकवली नाही, की विनोद करून वेळ मारून नेली नाही. बारा वर्षांपूर्वी याच निवेदकाने अनाम बायकांची पत्रं वाचली होती, आता त्याच्यासमोर एक नाव असलेली बाई बसली होती. दुकानांतल्या प्रती भराभर संपल्या, आणि तिच्याकडे पत्रांचा ओघ सुरू झाला. पुस्तक पुढे अमेरिकेत गेलं आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या खपाच्या यादीत पोचलं. त्या पत्रांनी तिचं काय झालं, एकाकीपणाविषयी लिहिल्यामुळे मिळालेली प्रसिद्धी एकाकीपणाचं काय करते, हा 2003 सालच्या 'ऑलमोस्ट देअर'चा विषय आहे. ते पुस्तक चांगलं आहे, पण त्यातली लेखिका आपल्याला कुणीतरी वाचणार आहे हे जाणून लिहिते. पहिल्यातली तिला ते ठाऊक नव्हतं.

कादंबऱ्यांपैकी 'माय ड्रीम ऑफ यू' 2001 सालची. प्रवासवर्णनं लिहिणारी पन्नाशीची कॅथलीन दुष्काळानंतरच्या काळातल्या एका जमीनदारिणीच्या घटस्फोटाचा खटला शोधत आयर्लंडला परतते. ती जमीनदारीण, मॅरिअन टॅलबट, आणि घरचा मोतद्दार यांच्यावरचा तो खटला इतिहासात खरोखर झालेला आहे. कादंबरी लांबते, पण भुकेच्या काळात वासनेचं काय होतं हा तिने विचारलेला प्रश्न दुसऱ्या कुणी त्या धिटाईने विचारला नव्हता.

त्याहून मला 'द स्टोरी ऑफ शिकागो मे' जवळचं वाटतं. मे डग्नन ही लाँगफर्ड परगण्यातली शेतकऱ्याची पोर. 1890 साली घरातले साठवलेले पैसे उचलून ती अमेरिकेला पळाली आणि तिथे 'शिकागो मे' या नावाने भुरटी चोर, वेश्या, ठकसेन म्हणून गाजली. 1901 साली पॅरिसमध्ये अमेरिकन एक्स्प्रेसच्या कचेरीवर जो दरोडा पडला त्यात तिचा साथीदार एडी गेरिन होता आणि तीही त्यात गोवली गेली. पुढे लंडनमध्ये गेरिनवर झालेल्या गोळीबाराच्या प्रकरणात तिने इंग्लंडच्या तुरुंगात वर्षं काढली. म्हातारपणी तिने आत्मचरित्र लिहिलं. नूलाच्या हातात एवढंच होतं: एका खोटं बोलण्यात तरबेज बाईचं पुस्तक, आणि काही न्यायालयीन कागद. चरित्रकाराने अशा वेळी एक तर कादंबरी लिहावी, नाहीतर कागदांपुरतं बोलावं. नूला तिसरंच करते. ती मेच्या शेजारी जाऊन बसते. इथे तू गप्प का झालीस, असं तिला विचारते आणि त्या गप्प राहण्याला स्वतःच्या आयुष्यातलं काहीतरी लावून पाहते. 'प्लेन टेल्स' करणारी निर्माती मेलेल्या बाईची मुलाखत घेते आहे, असं हे पुस्तक वाचावं. 2006 साली त्याच्या फ्रेंच अनुवादाला परदेशी साहित्यासाठीचं फेमिना पारितोषिक मिळालं.

शेवटची कादंबरी 'बेस्ट लव्ह, रोझी' तिच्या मृत्यूनंतर, 2009 साली इंग्रजीत आली. रोझी ही मध्यमवयीन बाई आपल्या म्हाताऱ्या, पिणाऱ्या मावशीची काळजी घ्यायला डब्लिनला परतते. आणि ती मावशी, मिन, उठून अमेरिकेला निघून जाते आणि तिथे आनंदात राहते! या कादंबरीत मोठं साहित्य आहे असं मी म्हणणार नाही. पण ज्या खुर्चीतून कॅथरिन उठू शकली नाही त्या खुर्चीतून लेखिकेने दुसऱ्या एका बाईला उठवलं, हे मला फार हलवून गेलं.

2002 पासून नूला न्यूयॉर्क आणि आयर्लंड अशी दोन्हीकडे राहत होती. 2008च्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये व्यायामाच्या वर्गानंतर तिच्या ध्यानात आलं की उजवा पाय फरफटतो आहे. रुग्णालयात गेल्यावर कळलं की मेंदूत गाठी आहेत, आणि मूळ फुप्फुसात आहे. तिने केमोथेरपी नाकारली. 12 एप्रिलला, शनिवारी सकाळी, आरटीईच्या रेडिओ 1वर तिची मैत्रीण मॅरिअन फिनुकेनने घेतलेली तिची मुलाखत प्रसारित झाली.

ही मुलाखत तिच्या लेखनाइतकीच बारकाईने ऐकायला हवी. मरणाऱ्या माणसाकडून आपली एक अपेक्षा असते. त्याने काहीतरी शिकलेलं असावं, शांत झालेलं असावं, आणि ते शहाणपण आपल्याला देऊन जावं. आपल्या संतपरंपरेने तर मृत्यूला सोहळा केलं. नूला हे काहीही देत नाही. मरणार हे कळल्या क्षणी आयुष्यातला चांगुलपणाच निघून गेला, असं ती म्हणते, आणि आणखी वेळ नको म्हणते. देवावर, पुढच्या जन्मावर तिचा विश्वास नाही. ती रडते. तिचा आवाज तुटतो, आणि फिनुकेन ते तुटणं भरून काढत नाही, थांबते. रसशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर करुण रस इथे शांतात विसर्जित होत नाही, तो करुणच राहतो. अशी रचना कलेत फार थोड्यांना पेलते, आणि इथे तर ती कला म्हणून केलेलीही नाही.

या मुलाखतीतली एक जागा मी अनेकांना ऐकवली आहे. फ्रेंच कादंबरीकार प्रूस्तची प्रचंड कादंबरी आपण आयुष्यात दोनदा पूर्ण वाचली, असं ती सांगते. आणि लगेच स्वतःलाच अडवून म्हणते की हे बडेजावाचं वाटेल, पण तसं नाही, ती कादंबरी म्हणजे एक भलीमोठी घरगुती मालिकाच आहे. मग सांगते की परवा पुन्हा वाचायला घेतली, तर सगळी जादू गेलेली होती. या चार वाक्यांत तिचं सगळं आयुष्य आहे. वाचन आईकडून आलेलं, आयुष्यभराचा आधार झालेलं, आणि आता तेही गेलेलं. हे सांगत असताना, डोक्यात गाठी आणि घशात हुंदका असताना, मध्येच तिला आठवण होते ती ऐकणाऱ्याची. ज्याने प्रूस्त वाचलेला नाही त्या माणसाला, स्वयंपाकघरात रेडिओ लावून बसलेल्या बाईला, आपण मोठेपणा दाखवतो आहोत असं वाटू नये. ओपन युनिव्हर्सिटीच्या पहाटेच्या विद्यार्थ्याला समोर कल्पून बोलणारी निर्माती अजून तिथे होती.

दुसरी जागा याच्या उलट टोकाची. आपल्या शतकात माणसं कशी मेली याचा ती हिशेब मांडते. आउशविट्झमध्ये, दारफुरमध्ये, काँगोत, भुकेने, छळाने. त्यांच्या मानाने मी किती आरामात मरते आहे, जवळ मित्र आहेत, भावंडं आहेत, पैसा आहे, असं ती म्हणते. इथे सांत्वन मिळेल असं वाटतं, पण मिळत नाही. तुलना खरी आहे आणि तरीही दुःख कमी होत नाही, या दोन्ही गोष्टी ती शेजारी ठेवते आणि तशाच राहू देते. एका माणसाच्या डोक्यात साठलेलं सगळं ज्ञान त्याच्याबरोबर नष्ट होतं, ही सृष्टीची केवढी नासाडी, असंही ती म्हणते. आणि मग एका जुन्या आयरिश गाण्याविषयी बोलते. त्यात देवाची याचना आहे. देव नाही हे माहीत असूनही ते गाणं तिला हवं आहे.

देशभर खळबळ उडाली. मुलाखतीचा मजकूर वर्तमानपत्रांत छापून आला. काहींना ती फार निर्दय वाटली, आजारी माणसांनी हे ऐकून काय करावं, असंही विचारलं गेलं. काहींना मात्र कित्येक वर्षांनी कुणीतरी खरं बोललं म्हणून हायसं वाटलं. मला दुसऱ्या बाजूचं पटतं, पण पहिल्या बाजूची काळजी खोटी होती असं मी म्हणणार नाही.

आयुष्यातला चांगुलपणा गेला असं म्हणणारी ही बाई मधल्या काळात मित्रमैत्रिणींना घेऊन पॅरिसला गेली, माद्रिदला प्रादो संग्रहालयातली चित्रं पाहायला गेली, बर्लिनला ऑपेरा ऐकायला गेली. 9 मे 2008 रोजी डब्लिनमध्ये तिचं निधन झालं. 2011 साली फिनुकेनच्या सहभागाने 'नूला' हा माहितीपट निघाला, त्यात या प्रवासांची हकिगत आहे. पुष्कळ जण या प्रवासांवरून अर्थ काढतात की शेवटी तिला आयुष्य गोड झालंच. मला तसं वाटत नाही. जादू गेली हे तिचं म्हणणं खरं होतं आणि तरी तिने तिकीट काढलं. आईच्या खुर्चीविषयी लिहितानाही तिने असाच मेळ घालायचं नाकारलं होतं.

तिच्याकडे नव्याने जाणाऱ्या वाचकाने आधी 'आर यू समबडी?' वाचावं आणि त्यानंतरच ती मुलाखत ऐकावी, असं मी सांगते. उलट क्रमाने गेलं तर मुलाखत नुसती एका मरणाऱ्या बाईची होते. पुस्तक वाचून गेलं की प्रूस्तच्या त्या वाक्यापाशी कॅथरिनच्या हातातली कादंबरी आठवते, आणि कुणाचं वाचन संपलं हे नीट कळतं.